जायंट ट्रेव्हली: हिसका लाइनला द्या, रॉडला नाही

उष्ण समुद्रातला हा मासा फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली आमिषाने पकडायचा, तर ९ फुटी, १२ वेटचा रॉड घ्या (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा क्रमांक). रीलवर आधी ३०० मीटर बॅकिंग, म्हणजे मागची बारीक, मजबूत दोरी; त्यावर उष्ण पाण्यासाठीच बनवलेली फ्लाय लाइन, म्हणजे जिच्या वजनावर फ्लाय फेकली जाते ती जाड दोरी. थंड पाण्याची लाइन उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि फेक तोकडी होते. पुढे ६ ते ८ फूट लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा धागा, १०० ते १३० पौंडांचा ताण सोसणारा.

फ्लाय माशाच्या वाटेवर, थोडी पुढे टाका. डोक्यावर पडली तर तो बुजतो. मग लाइन लांब आणि वेगाने ओढत राहा. मासा मागे लागला तरी थांबायचं नाही.

बहुतेक मासे सुटतात ते पुढच्या क्षणी. चावा बसताच रॉड वर उचलला तर टोक वाकतं आणि गळ रुततच नाही. रॉड माशाच्या रोखाने सरळ, खाली धरा आणि दुसऱ्या हाताने लाइन जोरात मागे खेचा. वजन जाणवलं की पुन्हा एकदा. लगेच नजर पायाशी! ओढून तिथे पडलेली सुटी लाइन, मासा पळेल तशी, बोटांच्या सैल कड्यातून जाऊ द्या. वेटोळं रीलच्या मुठीला अडकलं तर लाइन तुटते, बोटाला अडकलं तर बोट कापतं.

झुंजताना रॉड ४५ अंशांच्या वर नको. उभा धरलेला रॉड मोडतो.