काजळी भरपूर, फुलरीन नाही? या चुका टाळा

फुलरीन म्हणजे कार्बन अणूंचे पोकळ पिंजरे. ते मिळवायला ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये आर्क (विजेची ठिणगी) पेटतो, चेंबरभर काजळी बसते, पण ती टोल्युइनमध्ये (फुलरीन विरघळवणाऱ्या द्रवात) घातल्यावर द्रावण जेमतेम पिवळसर होतं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी करंट वाढवायला जातो. तिथेच घोळ होतो.

उष्णता लागते ती कार्बनची वाफ होण्यापुरती. सी-60 चा, म्हणजे 60 कार्बन अणूंच्या फुलरीनचा, पिंजरा बनतो तो वाफ निवताना. अणू जुळून साखळ्या, कडी आणि पुढे जाळीचे तुकडे तयार होतात (नेमक्या पायऱ्यांवर अजून वाद आहे). जाळीच्या कडेचे बंध मोकळे असतात. मध्ये पंचकोन आले की जाळी वाकते आणि कडेला कड मिळते. पंचकोन-षटकोनांचा पिंजरा मिटायला पंचकोन 12 च लागतात. सी-60 मध्ये त्यांच्या जोडीला 20 षटकोन असतात.

या जुळणीला सवड देतो चेंबरमध्ये भरलेला हेलियम वायू, म्हणून आधी दाब तपासा. क्रेचमर आणि हफमन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ग्रॅफाइटपासून सी-60 भरपूर मिळवलं, तेव्हा हेलियम साधारण 100 टॉरला (टॉर हे दाबाचं एकक) होता. दाब फार कमी असेल तर वाफ पांगते आणि अणू एकमेकांना भेटण्याआधीच भिंतीवर जाऊन बसतात.

दाब ठीक असूनही काही मिळत नसेल तर गळती शोधा. पंप चालू असताना गेज चांगलंच दिसणार; व्हॉल्व्ह बंद करून काटा चढतो का ते बघा. ऑक्सिजन कार्बन खाऊन टाकतो. ओलाव्यातला हायड्रोजन जास्त छळतो: तो मोकळ्या बंधांना चिकटतो आणि पिंजरा मिटतच नाही. नव्या कांड्या आधी व्हॅक्यूममध्ये तापवून घ्या.

कॅथोडवरचा (ऋण कांडीवरचा) कडक थर काजळीत मिसळू नका. 1991 मध्ये जपानी शास्त्रज्ञ इजिमांना नॅनोट्यूब (कार्बनच्या सूक्ष्म नळ्या) सापडल्या त्या याच थरात, पण त्या टोल्युइनमध्ये विरघळत नाहीत.

अर्क काढताना अल्कोहोल किंवा अॅसिटोन वापरणं फुकट. फुलरीन त्यात जवळपास उतरतच नाही. गाळण्याआधी रंगावर विश्वास ठेवू नका, तरंगणारी काजळीही द्रावण गडद करते. गाळलेला अर्क लालसर तपकिरी दिसला तर बिघडलं काही नाही, तो सी-70 चा (70 अणूंच्या फुलरीनचा) रंग आहे. जांभळा रंग कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) सी-60 वेगळं झाल्यावरच दिसतो. खात्री मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंच्या वस्तुमानाच्या आलेखात) करा: 720 ला सी-60, 840 ला सी-70.

आणि काजळी खरवडताना मास्क लावा; ती फार बारीक असते, सरळ छातीत जाते.