सायरीनचा रोमन बालेकिल्ला: या चुका टाळा

'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' या व्हिडिओ गेममध्ये सायरीन या प्राचीन शहरात पोचेपर्यंत आपण इजिप्तमधले बरेच किल्ले मारलेले असतात. त्याच जोरावर टेकडीवरच्या रोमन बालेकिल्ल्यात सरळ दरवाजातून घुसायचं, ही पहिली चूक. खेळाचा नायक बायेक जवळपास कुठलीही भिंत चढतो, मग दरवाजा हवाच कशाला?

त्याआधी नकाशावर त्या भागाची लेव्हल बघा. ती तिशीच्या पुढची आहे. शत्रूच्या डोक्यावर कवटी दिसत असेल, तर तो तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे. अशा वेळी आधी साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरच्या छोट्या मोहिमा, उरकून घ्या. 'मागून हिडन ब्लेड (मनगटातलं लपवलेलं पातं) मारला तरी कॅप्टन मरत नाही' ही तक्रार नेहमीची. कारण बहुतेक वेळा एकच असतं: तलवार नवी घेतली, पण ब्लेड अपग्रेड करायचा राहून गेला. वरच्या टप्प्यांना कार्बन क्रिस्टल लागतात. ते थडग्यांमध्ये आणि छावण्यांच्या खजिन्यात मिळतात. म्हणून खजिना सोडून पुढे पळू नका.

खरा घात होतो तो ब्रेझियरमुळे, म्हणजे इशाऱ्याच्या मोठ्या शेगडीमुळे. आपण एखाद्या शिपायाला मारतो, प्रेत वाटेतच पडून राहतं, दुसऱ्याला ते दिसतं आणि तो पळत जाऊन शेगडी पेटवतो. बाहेरून कुमक येते आणि दहा मिनिटांचं शांत काम मातीत जातं. म्हणून बायेकच्या गरुडाला, सेनूला, वर घिरट्या घालायला लावा आणि घाई न करता कमांडर, कॅप्टन, तिरंदाज आणि शेगडी असं सगळं टिपून घ्या. आत शिरल्यावर पहिलं काम शेगडीचं. तिच्यात सापळा लावून ठेवला, की पेटवायला येणाराच त्यात जातो. मला तर या खेळातली ही सगळ्यात समाधानाची युक्ती वाटते. प्रेतं मात्र उचलून आडोशाला टाकायचीच, कंटाळा करायचा नाही.

भर दुपारी हल्ला करणारेही पुष्कळ. 'डॉन अँड डस्क' क्षमता घेतलेली असेल तर रात्र करून घ्या, बरेच पहारेकरी झोपलेले सापडतात. आणि तेलाच्या मडक्यांजवळ उभं राहून आगीचे बाण सोडू नका. ती आग बायेकलाही सोडत नाही.

लढाई झालीच, तर ढालवाल्या रोमनांवर हलके वार करत बसू नका. जड वाराने ढाल बाजूला करा.

जुन्या, सोप्या भागातले शत्रूही तुमच्याच लेव्हलचे दिसायला लागले, तर तो बग नाही. सेटिंग्जमध्ये शत्रूंची लेव्हल आपोआप वाढवण्याचा पर्याय चालू झालेला असतो, तो बंद करा.

शेवटची चूक म्हणजे खजिना घेऊन लगेच निघून जाणं. सायरीन मुळात ग्रीकांचं. थेरा बेटावरच्या लोकांनी ते इ.स.पू. 631 च्या सुमारास वसवलं. इथला राजा टॉलेमी एपियन इ.स.पू. 96 मध्ये वारला आणि मृत्युपत्राने हा प्रदेश रोमला गेला, इ.स.पू. 74 मध्ये त्याचा रोमन प्रांत झाला. खेळातला काळ त्यानंतर साधारण पाव शतकाने येतो, म्हणून ग्रीक देवळांच्या गावात रोमन शिपाई पहारा देताना दिसतात. खऱ्या सायरीनचे अवशेष लिबियात शहात गावाजवळ आहेत आणि 1982 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. लढाईशिवाय निवांत फिरायचं असेल, तर 2018 मध्ये आलेला डिस्कव्हरी टूर मोड लावा.