अंधुक उजेडात चितळाचा फोटो: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवायची भीती. ताडोबा-नागझिऱ्याकडे चितळं बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, उतरतात तेव्हा उजेड जेमतेम उरलेला असतो. तरी बरेच जण ८०० च्या वर जात नाहीत, मग शटर १/६० सेकंदावर येतं आणि चितळानं मान वळवली की डोळा हललेला येतो. जास्त आयएसओनं फोटोत येणारे दाणे, म्हणजे नॉइज, नंतर कमी करता येतात, हललेला डोळा सहसा सुधारत नाही. चरणाऱ्या चितळाला १/२५० तरी हवा, चालत्याला १/५००. कान टवकारून थबकलेलं सांबर १/१२५ मध्येही मिळतं. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) उघडेल तेवढं उघडा, शटर ठरवा आणि आयएसओ ऑटोवर टाकून ६४०० पर्यंत खुशाल जाऊ द्या.

लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवर फार भिस्त नको. ते आपल्या हाताची थरथर सांभाळतं, जनावराची हालचाल नाही. जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगा. लेन्सखाली तांदळाची पिशवीही चालते.

‘आता काळा येऊ दे, घरी उजळू’ हा हिशेबही फसतो. सावल्या वर ओढल्या की त्यातून निघणारे दाणे जास्त आयएसओच्या दाण्यांपेक्षा बहुधा वाईट दिसतात. अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ भासते, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, बघा. याची उलट बाजूही आहे: मागे गर्द बांबू असला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि चितळाचे पांढरे ठिपके जळतात. तिथे एक्स्पोजर थोडं उणे करा.

फोकस अडकत असेल तर एकच पॉइंट निवडून डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढची बांबूची काडी पकडतो. सांबराच्या अंगावर ठिपके नाहीत, तिथे कानाची किंवा शिंगाची कड धरा.

फ्लॅश आणि टॉर्च नकोच, रात्री शेत राखायला जागलीला गेलात तरी हरभऱ्यातल्या चितळांवर फोटोसाठी झोत मारू नका. जनावर दिपतं, बावचळतं. फोटोत येतात ते दोन चमकते दिवे.

एडिटिंगसाठी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, हवी. आधी नॉइज कमी करा, मग शार्पनिंग. उलट केलं तर दाणेच धारदार होतात. नॉइज रिडक्शन मागच्या झाडीवर भरपूर चालेल, पण अंगावर हात आखडता ठेवा, नाहीतर चितळ प्लॅस्टिकचं दिसतं. संध्याकाळची निळसर छटा पुसून दुपार करणाऱ्यांचं काय करावं, मला कळत नाही. आणि छापायला देताना फोटो किंचित उजळ ठेवा, कागदावर तो स्क्रीनपेक्षा गडद उतरतो.