सेकंड-हँड लक्झरी स्पोर्ट्स कार घेताय? या चुका टाळा

नवी असताना जिची किंमत ऐकूनच आपण पुढे सरकायचो, ती गाडी दहा-बारा वर्षांनी तिसऱ्या-चौथ्या हिश्शात विकायला निघते. पहिली चूक तिथेच होते. भाव उतरलेला असतो तो गाडीचा. तिच्या ब्रेक डिस्कचा, क्लचचा, शॉक अब्सॉर्बरचा भाव अजूनही नव्या गाडीच्याच पायरीवर असतो, उलट काही वर्षांत वरच गेलेला असतो. घेणारा मात्र जमवलेला सगळा पैसा गाडीतच ओततो आणि पहिली मोठी सर्व्हिस समोर आली की अडतो. मग ती सर्व्हिस पुढे ढकलली जाते आणि दोन वर्षांनी तीच गाडी आणखी स्वस्तात, आणखी दुखणी घेऊन पुढच्या माणसाकडे जाते. बाजारातल्या सर्वात स्वस्त गाड्या बहुतेक अशाच साखळीतून आलेल्या असतात.

म्हणून माझा हिशेब असा: गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर त्याच ब्रँडचं एक पायरी खालचं, पण नीट जपलेलं मॉडेल बघावं. ते चालवण्यातही जास्त सुख मिळतं, कारण प्रत्येक खडखडाटाला छातीत धस्स होत नाही.

कमी किलोमीटरला भुलणं

‘पंधरा वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर’ असं वाचलं की लोक धावतात. मी उलट अशा गाडीकडे जास्त संशयाने बघतो. उभ्या गाडीतलं रबर वाळतं, ऑइल सील कडक होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर आणि पंपाला त्रास देतं, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषत राहतं. टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याला, तर किलोमीटर कळतच नाहीत, त्याचं वय वर्षांत मोजायचं.

फेरारीचं उदाहरण घ्या. एफ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायचे तर इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागतं. त्यानंतरच्या ३६० मोडेनामध्ये हेच काम सीटच्या मागचं पॅनेल काढून होतं. पुढच्या एफ४३० मध्ये बेल्ट गेला आणि टायमिंग चेन आली. म्हणजे एकाच कंपनीच्या, लागोपाठच्या तीन गाड्यांचा देखभालीचा हिशेब पूर्णपणे वेगळा. बेल्टवाल्या गाडीत ‘बदललाय’ एवढं तोंडी उत्तर पुरेसं नाही. कधी बदलला, कोणी बदलला, सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप बदलला का, हे बिलावर दिसलं पाहिजे. तीन ते पाच वर्षांच्या वर वेळ झाला असेल, तर ते काम आपल्याला करायचं आहे असं धरूनच भाव बोलावा.

दरवर्षी चार-पाच हजार किलोमीटर चाललेली, वेळेवर तेल बदललेली आणि बिलांची जाड फाइल असलेली गाडी मला केव्हाही चालेल.

मीटर मागे फिरवण्याचा धोकाही याच मोहातून येतो. तो पकडायला एक साधा मार्ग आहे. बऱ्याच गाड्यांच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. किलोमीटरला तासांनी भागा. चाळीस हजार किलोमीटर आणि दोन हजार तास, म्हणजे ताशी सरासरी वीस. अशी गाडी एकतर सतत कोंडीत घुटमळली आहे किंवा मीटर खोटं बोलतंय. सोबत ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, स्टीअरिंगचं चामडं आणि पेडलचं रबर बघा. वीस हजार किलोमीटरच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं.

मॉडेलचं खास दुखणं माहीत नसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. प्रत्येक स्पोर्ट्स कारचं एक-दोन ठरलेलं दुखणं असतं आणि ते त्या गाडीच्या जाणकारांना तोंडपाठ असतं. गाडी बघायला जाण्याआधी ते आपल्यालाही ठाऊक हवं.

पोर्शे ९११ ची ९९६ पिढी आणि तिच्यासोबतची बॉक्स्टर यांच्या इंजिनात मधल्या शाफ्टवर एक बेअरिंग असतं, त्याला आयएमएस बेअरिंग म्हणतात. ते फुटलं की टायमिंग सुटतं आणि बहुतेक वेळा अख्खं इंजिन जातं. ९९७ पिढीत, साधारण २००६ च्या मॉडेलपासून, मोठं बेअरिंग आलं. ते बिघडण्याचं प्रमाण बरंच कमी आहे, पण ते बदलायचं म्हटलं तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं. २००९ च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं आणि त्यात हा शाफ्टच नाही. आयएमएसच्या काळातल्या टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळ्या घडणीचं असल्यामुळे त्यांना ही भीती नाही. त्यामुळे ‘९११ घेऊ का’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. कोणत्या वर्षाची आणि कोणतं इंजिन, हे आधी विचारावं लागतं. याच कुटुंबात सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा आजारही आहे: इंजिन गरम झाल्यावर लयीत टकटक, तेलाचा वाढता खप आणि दोनपैकी एकाच बाजूच्या सायलेन्सरच्या तोंडाशी जास्त काजळी. बोअरस्कोपचा बारीक कॅमेरा आत सोडल्याशिवाय याची खात्री होत नाही.

बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत ई४६ पिढीच्या एम३ ची मागची सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरून ठेवणारी चौकट, जिथे बॉडीला जोडलेली असते, तिथे पत्र्याला तडे जातात. गाडी लिफ्टवर चढवून पाहिल्याशिवाय ते दिसत नाहीत. त्यानंतरचा व्ही८ एम३ आणि व्ही१० इंजिनाचा एम५ यांच्यात कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग लवकर झिजतं. इथे जुन्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत देणं फायद्याचं. तेलात शिसं आणि तांबं जास्त निघालं, तर बेअरिंग झिजतंय असं समजा. बेअरिंग आधीच बदलल्याचं बिल असेल, तर अशा गाडीला थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

फेरारीच्या एफ१ गिअरबॉक्सला आणि लॅम्बोर्गिनी गॅयार्दोच्या ई-गिअरला क्लच पेडल नसतं, पण आत क्लच एकच असतो आणि तो संगणक चालवतो. चढावर हळूहळू सरकणं, कोंडीत इंच-इंच पुढे जाणं, रिव्हर्समध्ये रेटणं, यात तो जळतो. दोन गाड्या सारख्याच किलोमीटर चाललेल्या असल्या, तरी एकीचा क्लच निम्मा शिल्लक आणि दुसरीचा संपत आलेला असू शकतो. योग्य स्कॅनर लावला की किती झीज झाली ते टक्क्यांत वाचता येतं. तो आकडा छापून मागा.

पहिल्या पिढीच्या ऑडी आर८ मध्ये मॅग्नेटिक शॉक अब्सॉर्बर गळतात. मॅक्लारेनमध्ये हायड्रॉलिक सस्पेन्शनचे अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवणारे गोळे, थकतात आणि गाडी खड्ड्यांवर दगडासारखी आपटते.

गरम इंजिनची गाडी बघणं

आपण पोचतो तेव्हा गाडी चालू असते आणि मालक म्हणतो, ‘जरा गरम करून ठेवली.’ हेतू चांगलाही असेल, पण तपासणीचा अर्धा भाग तिथेच हातातून जातो. आधीच सांगून ठेवा की गाडी रात्रभर बंद राहिलेली हवी. गेल्यावर सायलेन्सरच्या तोंडाजवळ हात नेऊन बघा.

थंड इंजिन सुरू होताना पहिले दहा सेकंद कान आणि डोळे दोन्ही लावून ठेवायचे. चेनचा खडखड आवाज येऊन लगेच थांबला, तर लिहून घ्या आणि मेकॅनिकला विचारा. थांबलाच नाही, तर पुढची बोलणी थांबवा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पण आडव्या सिलिंडरच्या, म्हणजे फ्लॅट इंजिनात सुरुवातीला निळ्या धुराचा एखादा झोत येऊन विरला तर घाबरू नका. आडव्या पडलेल्या सिलिंडरमध्ये रात्रभरात थोडं तेल झिरपतंच. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला, तर कूलंट आत जळतंय आणि हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेडमधल्या सीलची, शंका घ्यावी लागते.

गल्लीभर फिरवून ‘ट्रायल झाली’ म्हणणं

निदान चाळीस मिनिटं चालवा आणि गाणी बंद ठेवा. मॅन्युअल गाडीत वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम वर पळाला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर प्रत्येक गिअर वर-खाली टाकून बघा; रिव्हर्सही विसरू नका. मोकळ्या, सुरक्षित जागी जोरात ब्रेक लावा. स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर किंवा सस्पेन्शनकडे बघावं लागेल. परतल्यावर इंजिन बंद न करता दहा मिनिटं उभी ठेवा: पंखे लागतात का, तापमानाचा काटा चढतो का, खाली काही ठिबकतं का. पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारून बघा. रेडिएटरवर पानांचा ढीग कुजत असला की त्यामागची अ‍ॅल्युमिनियमची पाती गंजतात.

ब्रेक आणि टायर शेवटी बघणं

कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर नुसत्या नजरेने निर्णय देऊ नका. लोखंडी डिस्कची जाडी मोजतात. सिरॅमिक डिस्क जाडीत फारशी कमी होत नाही, पण ट्रॅकवर तापून आतला कार्बन जळत जातो आणि डिस्क हलकी होते. म्हणून बऱ्याच सिरॅमिक डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि चाक काढून डिस्क काट्यावर ठेवावी लागते. कडेचा टवका उडालाय का तेही बघा; चाक बसवताना रिम आपटली तरी असा टवका उडतो. चारही डिस्क बदलायच्या झाल्या, तर तो खर्च कधीकधी अख्ख्या छोट्या गाडीइतका होतो.

टायरवर चार आकड्यांची तारीख असते. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे म्हणून सात-आठ वर्षांच्या टायरवर विश्वास ठेवू नका. चारशे-पाचशे हॉर्सपॉवर रस्त्यावर टेकवणारा तो एकमेव भाग आहे. चार चाकांना चार ब्रँड दिसले, तर मालकाने बाकी कुठे हात आखडता घेतला असेल याचाही अंदाज येतो.

रंग चमकतोय म्हणजे अपघात नाही असं समजणं

पत्र्यावरच्या मूळ रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. रंगाची जाडी मोजणारं यंत्र प्रत्येक पॅनेलवर फिरवा. एका दाराला दुप्पट आकडा आला तर तिथे पुन्हा रंग मारलाय, आणि खूपच वर गेला तर खाली पुट्टी आहे. यंत्र अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं हवं, नुसतं चुंबकावरचं नको, कारण या गाड्यांचे बरेच पॅनेल अ‍ॅल्युमिनियमचे असतात. कार्बन फायबर आणि प्लास्टिक बंपरवर मात्र ही साधी यंत्रं काहीच सांगत नाहीत.

रंग पुन्हा मारला म्हणजे गाडी वाईट असं मी म्हणणार नाही. हायवेवरच्या खड्यांनी नाकावरचा रंग उडतो आणि चांगला मालक तो करून घेतो. बघायचं आहे ते आतलं हाडपेर: बॉनेटच्या बोल्टवरचा रंग खरवडलाय का, वेल्डिंगचे ठिपके सारखे आहेत का, दोन्ही बाजूंच्या फटी जुळतात का. मॅक्लारेन किंवा लॅम्बोर्गिनी अ‍ॅव्हेंटाडोरसारख्या गाड्यांचा मधला टबच कार्बन फायबरचा असतो. त्याला मार लागल्याची शंका असेल, तर त्या ब्रँडच्या अधिकृत केंद्राचा लेखी अहवाल मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विकणाऱ्याच्याच मेकॅनिकवर विसंबणं

खरेदीपूर्व तपासणी आपल्या पैशांनी, आपण निवडलेल्या आणि त्याच ब्रँडवर काम करणाऱ्या माणसाकडून करून घ्या. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब मोजणारी) आणि लीक-डाऊन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघणारी) चाचणी सांगा; लीक-डाऊनमध्ये हवा कुठून निसटते ते कळतं, रिंगमधून की व्हॉल्व्हमधून. स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नाही म्हणून खूश होऊ नका. कोड कालच पुसलेले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अजून ‘अपूर्ण’ दिसतात आणि तेवढ्यावरून चलाखी उघडी पडते.

पोर्शेसारख्या गाडीत ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची, नोंदही मागा. पाचव्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकंच इंजिनला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि तिथे रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. असे प्रसंग किती झाले आणि शेवटचा किती इंजिन-तासांपूर्वी झाला, हे कंट्रोल युनिट लिहून ठेवतं. सर्वात वरच्या टप्प्यातली नोंद गेल्या काही तासांतली असेल, तर मी तरी ती गाडी सोडून देईन. नोंद शंभर-दोनशे तास जुनी असेल आणि इंजिन अजून निरोगी चालत असेल, तर प्रश्न तितका गंभीर राहत नाही.

सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवली आहे का, म्हणजे ते ट्यून केलंय का, हे स्पष्ट विचारा. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत घातलं तरी कंपनीच्या यंत्रणेला ते अनेकदा कळतं आणि वॉरंटी नाकारली जाते. मूळ एक्झॉस्ट, मूळ चाकं जपून ठेवली असतील तर ती व्यवहारातच मागून घ्या. नंतर शोधत बसलात तर मिळत नाहीत.

कागदांचं थोडक्यात सांगतो. सतरा अक्षरांचा चासी नंबर काच, दाराची चौकट आणि कागद या सगळीकडे एकच हवा. तो नंबर देऊन अधिकृत केंद्रात राहिलेले रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी परत बोलावलेली कामं, विचारा. गाडीवर कर्ज शिल्लक नाही याचा लेखी पुरावा घ्या, आणि दोन्ही चाव्या हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

तपासणीचा अहवाल आला की त्यातल्या कामांची बेरीज करून तो कागद मालकासमोर ठेवा. प्रामाणिक मालक त्यावर बोलतो, काही कामं मान्य करतो, काहींची बिलं काढून दाखवतो. ‘दुसरे दोघं उद्या येतायत’ एवढंच उत्तर मिळालं, तर त्या दोघांना ती गाडी घेऊ द्या.