हॉटप्लग ड्रायव्हर लिहिताय? आधी रिमूव्ह लिहा

लिनक्ससाठी पीसीआय एक्सप्रेसचे, म्हणजे मशीनच्या स्लॉटमध्ये लागणाऱ्या कार्डांचे ड्रायव्हर लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यातली बरीच कार्डं हॉटप्लग, म्हणजे मशीन चालू असतानाच लावता-काढता येणारी. टीममध्ये नवीन कुणी आलं की माझं पहिलं सांगणं असतं: रिमूव्ह (डिव्हाइस जाताना चालणारं फंक्शन) आधी लिही, प्रोब (ते येताना चालणारं) नंतर. चालू मशीनला डिव्हाइस जोडलं गेलं नाही, तर ते फार तर दिसणार नाही. पण ते काढताना गडबड झाली तर अख्खा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच कोसळू शकतो आणि त्या मशीनवर चाललेली सगळ्यांची कामं बुडतात.

रिकाम्या स्लॉटची सोय बूट होतानाच करायची. त्याच्या ब्रिजमागे (स्लॉटला बाकी मशीनशी जोडणाऱ्या दुव्यामागे) बस नंबर आणि मेमरी विंडो (कार्डासाठीच्या पत्त्यांचा पट्टा) राखलेली नसेल, तर नंतर लावलेल्या कार्डाला पत्ते मिळणार कुठून? आजूबाजूच्या कार्डांनी ते वापरायला घेतलेले असतात. हॉटप्लग ब्रिजसाठी कर्नल आपणहून मागतो ती मेमरी विंडो २ एमबीची. मोठं कार्ड येणार असेल तर बूट पॅरामीटरमधून ती वाढवून घ्या.

प्रोबमध्ये डिव्हाइसची नोंदणी सर्वांत शेवटी करा. नोंदणी झाली रे झाली की युडेव्हला (डिव्हाइस आल्या-गेल्याची दखल घेणाऱ्या प्रोग्रामला) इव्हेंट जातो आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी ओपन करतं. तोवर इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला द्यायची हाक), बफर, सगळं तयार हवं.

रिमूव्हचा क्रम याच्या उलटा. आधी नोंदणी काढा, म्हणजे नवीन ओपन थांबतात. मग 'डिव्हाइस गेलं' असा फ्लॅग लावा, रीडमध्ये झोपलेल्यांना उठवून एरर द्या, आत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत थांबा आणि त्यानंतरच इंटरप्ट सोडा. इथे एक सापळा आहे. ड्रायव्हरचं मुख्य स्ट्रक्चर डेव्हएमच्या मेमरीत (ड्रायव्हर सुटला की कर्नल आपोआप परत घेतो त्या मेमरीत) ठेवलं, तर रिमूव्ह संपताच ती मेमरी मोकळी होते. पण एखाद्या प्रोसेसने फाइल उघडी ठेवलेली असते. ती तासाभराने क्लोज करते, आणि तुमचं रिलीज फंक्शन (फाइल बंद होताना चालणारं) मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतं. त्यामुळे या स्ट्रक्चरला रेफरन्स काउंट, म्हणजे ते किती जण वापरताहेत याची मोजणी हवीच. शेवटची फाइल बंद होईल तेव्हाच ते सोडा.

न सांगता उपटलेलं कार्ड हा खरा कस. तुटलेल्या लिंकवरून रजिस्टर वाचलं की साधारणपणे सगळे बिट १ येतात. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी ड्राइव्हचा प्रकार) कंट्रोलरचं स्टेटस रजिस्टर घ्या. त्याचा सर्वांत खालचा बिट म्हणजे 'रेडी'. कंट्रोलर सुरू करताना तो १ होण्याची वाट पाहतात. कार्ड गेलेलं असेल तर तो लगेच १ दिसतो आणि ड्रायव्हर नसलेल्या कार्डाशी बोलत सुटतो. बंद करताना तो ० होण्याची वाट पाहतात. तो कधीच होत नाही आणि लूप अडकतो. म्हणून प्रत्येक लूपमध्ये आधी 'सगळे बिट १ आहेत का' हे तपासा आणि मुदतही घाला. एनव्हीएमईत ती मुदत कंट्रोलरच ५०० मिलिसेकंदांच्या पटीत सांगतो. एखाद्या रजिस्टरची खरी किंमतच सगळे १ असू शकते. तिथे व्हेंडर आयडी (कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक) वाचून खात्री करा. तो खऱ्या कार्डाचा सगळे १ कधीच नसतो.

बऱ्याचशा चाचणीसाठी क्यूईएमयू (सॉफ्टवेअरमध्ये आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) पुरतो. त्यातलं पीसीआय एक्सप्रेस असलेलं क्यू३५ मशीन घ्या, एक रूट पोर्ट (आभासी स्लॉट) रिकामा ठेवा, कर्नलमध्ये केसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारी सोय) चालू करा. मॉनिटरवरून (क्यूईएमयूला आज्ञा देण्याच्या कन्सोलवरून) डिव्हाइस जोडा, त्यावर एफआयओचा (ड्राइव्हवर सतत वाचन-लेखन करणाऱ्या प्रोग्रामचा) भार टाका आणि भार चालू असतानाच काढा. मग फाइल उघडी धरून तेच पुन्हा करा. मात्र मॉनिटरवरून काढणं म्हणजे गेस्टला (आभासी मशीनमधल्या लिनक्सला) केलेली विनंती असते. पीसीआय एक्सप्रेसच्या स्वतःच्या हॉटप्लगमध्ये ती बटण दाबल्यासारखी पोचते आणि कर्नल ५ सेकंद थांबून कार्ड सोडतो. अचानक उपटण्याची परीक्षा यात होत नाही. त्यासाठी हॉटप्लगची सोय असलेला खरा सर्व्हर घ्या, चाचणीचीच ड्राइव्ह लावा आणि लिहिणं चालू असताना हाताने बाहेर ओढा.