चढाचं सूत्र पाठ, तरी उत्तर चुकतं? या चुका टाळा

दहावीच्या वह्या तपासताना हे हमखास दिसतं: रेषेच्या चढाचं सूत्र (उभा फरक भागिले आडवा फरक) सगळ्यांना पाठ असतं, पण 'कोणती टाकी वेगाने भरते?' असं विचारलं की पेन अडतं.

पहिल्या टाकीत आधीचं ४०० लिटर पाणी आहे आणि नळाने मिनिटाला २० लिटर भर पडते. दुसरीत १०० लिटर आहे, भर मात्र ३५ लिटरची. आलेखात पहिलीची रेषा वर दिसते, म्हणून मुलं बिनधास्त लिहितात, 'पहिली वेगाने भरते.' अहो, ती वर आहे ती आधीच्या पाण्यामुळे! एक मिनिट उजवीकडे सरकल्यावर रेषा किती उचलली गेली, तेवढंच बघायचं.

पुढची चूक याहून फसवी. बरोबर २० मिनिटांनी दोन्ही टाक्यांत ८०० लिटर होतं आणि रेषा एकमेकींना छेदतात. इथे कुणीतरी ८०० ला २० ने भागतं आणि दोघींचा दर ४० लिटर, म्हणजे सारखाच, असं ठोकून देतं. असा थेट भागाकार रेषा आरंभबिंदूतून, म्हणजे (०, ०) मधून, जात असेल तरच चालतो. एरवी भागायचं ते फरकाला: पहिलीत (८०० − ४००) भागिले २० म्हणजे २०, दुसरीत (८०० − १००) भागिले २० म्हणजे ३५.

बिंदूंचा क्रमही सांभाळा. (२, ३) आणि (५, ९) यांचा चढ ६ भागिले ३, म्हणजे २. वर ९ − ३ आणि खाली २ − ५ केलंत की −२ येतो. रेषा चढतेय आणि उत्तर ऋण, हे बघूनच शंका यायला हवी. आडव्या रेषेचा चढ शून्य. उभ्या रेषेचा काढताच येत नाही, कारण छेदात शून्य येतो.

उतरत्या रेषांचे चढ −५ आणि −२ असतील तर −२ मोठी संख्या खरी, पण पाणी वेगाने उपसलं जातंय ते −५ च्या टाकीतलं.

दोन वेगळ्या आलेखांची तुलना नुसत्या नजरेने तर करूच नका. एकाने १ सेमी म्हणजे १० लिटर घेतलं, दुसऱ्याने ५०, की तीच टाकी एका वहीत कड्यासारखी उभी आणि दुसरीत माळरानासारखी सपाट दिसते. आधी अक्षांवरचं प्रमाण वाचा. एककंही बघा, मिनिटाला आणि तासाला यांत ६० पटींचा फरक आहे.

रेल्वेचा चढ 'इतक्यात एक' असा सांगतात, तिथे तर आकडाच उलटा बोलतो. बोरघाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ, कोकण रेल्वेवर १५० मीटरला १. पोरं १५० मोठा म्हणून कोकण रेल्वे जास्त चढाची ठरवतात. भागून बघा: १/३७ हा १/१५० च्या साधारण चौपट येतो. बोरघाटाच्या पायथ्याशी कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात ती उगाच नाही.