सिंक्रोनाइज्ड स्केटिंगच्या टीममध्ये जाताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेत काय आणि साताऱ्यात काय, स्केटिंग म्हटलं की लोकांना स्पीडच आठवतं. त्यामुळे एखाद्या स्केटिंग स्कूलने सिंक्रोनाइज्ड टीम, म्हणजे सगळ्यांनी मिळून एका तालात एकसारखं स्केटिंग करणारी टीम काढली की सगळ्यात आधी जोरात पळणारी मुलं नाव देतात आणि पहिले काही दिवस सगळ्यात जास्त तीच अडखळतात. कारण इथे शेजारच्याच्या पुढे जाणं हीच चूक धरली जाते.

हा खेळ मूळचा बर्फावरचा. १९५६ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे रिचर्ड पोर्टर यांनी पहिली टीम उभी केली. २००० साली मिनिॲपोलिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली. सीनियर टीममध्ये १६ जण असतात. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून तेच प्रकार चाकांवर, कोब्यावर किंवा फरशीवर करायचे. ओळ, वर्तुळ, ब्लॉक (एकामागे एक ओळींचा चौकोन), व्हील (मध्यबिंदूभोवती फिरणारी रेष), एकमेकांतून आरपार जाणं, सगळं तसंच. पुढच्या चुका चाकांवरच्या टीममध्ये नेहमी दिसतात.

स्केट घेताना

इनलाइन, म्हणजे एका रेषेत चाकं असलेले स्केट घेऊन येऊ नका. या प्रकाराला चार चाकांचे क्वाड लागतात, पुढे टो-स्टॉपर (बोटांखालचा रबरी ब्रेक) असलेले. मापाला कमी-जास्त होणारे, चपलेसारखे बांधायचे स्केटही चालणार नाहीत, कारण त्यात घोटा मोकळा राहतो.

‘पोरगी वाढतेय, दोन नंबर मोठे घेऊ’ हा हिशोब शाळेच्या बुटांना ठीक आहे, स्केटला नाही. पाय आत सरकला की टाच उचलते, चाकांच्या कडेवर झुकून तोल धरता येत नाही आणि पोर फाकून चालायला लागते. पाय संध्याकाळी मोजा, कागदावर उभं करून, दोन्ही पाय. मोजे पातळ. लेस बोटांकडे सैल, घोट्याजवळ घट्ट आणि वरच्या हुकांना पुन्हा थोडी सैल, म्हणजे गुडघा वाकतो. उरलेली लेस आत खोचा. ओळीत ती शेजारच्याच्याही चाकाखाली येते.

चाकाचा कडकपणा ‘ए’च्या आकड्यात लिहितात, आकडा मोठा तितकं चाक कडक. खडबडीत कोब्यावर ८५ए किंवा त्याहून मऊ चाक घ्या, गुळगुळीत फरशीवर ९२ए आणि त्यापुढचं कडक. खरं महत्त्व मात्र एकसारखेपणाला आहे. निम्म्या टीमची चाकं मऊ आणि निम्म्यांची कडक असली तर एकाच धक्क्यावर एक जण जास्त घरंगळतो, दुसरा कमी, आणि ओळ तिथेच वाकडी होते. म्हणून दुकानात जाण्याआधी सरांना किंवा मॅडमना विचारा, टीम काय वापरते.

स्केट एका बाजूला ओढतोय

बहुतेक वेळा दोष पायाचा नसून स्केटचा असतो. स्केट उलटा धरा आणि आठही चाकं एकेक करून बोटाने फिरवा. एखादं लवकर थांबलं तर दोन शक्यता: नट जास्त आवळलाय किंवा बेअरिंगमध्ये धूळ गेलीय. नट आवळून मग किंचित मागे सोडा. चाक मोकळं फिरावं, पण हलवल्यावर जेमतेम खेळ जाणवावा. नटातला नायलॉनचा घेर घासला असेल तर नट बदलाच, तो भर सरावात निसटतो.

चाकं ठीक असतील तर ट्रकचे, म्हणजे चाकांचा दांडा धरणाऱ्या खालच्या धातूच्या भागाचे, रबरी कुशन बघा. एका बाजूने चेपलेलं कुशन स्केटला त्याच बाजूला नेतं. हलक्या मुलांच्या स्केटला कुशन कडक असेल तर झुकूनही स्केट वळत नाही, मूल पाऊल उचलून वळतं आणि वर्तुळातून बाहेर पडतं. किंगपिनचा (कुशनमधून जाणाऱ्या बोल्टचा) नट एका वेळी पाव फेराच सोडा, दोन्ही स्केटना सारखा.

बेअरिंगला खोबरेल तेल घालू नका. ते धूळ धरतं आणि साताऱ्याच्या थंडीत थिजतं. बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा आणि शिवणयंत्राचं तेल एक-दोन थेंब सोडा. ओल्या कोब्यावर सराव नकोच. पावसात भिजलेले स्केट पिशवीत तसेच राहिले तर गंज ठरलेला.

हात धरताना

नवीन मुलं तोल राखायला शेजारच्याचा हात आवळतात. एकाचा तोल गेला की तिघे जातात. पकड इतकीच हवी की शेजारी कुठे आहे ते कळावं. खांद्यावर हात असेल तर तळवा टेकवायचा, वजन टाकायचं नाही. कोणाचा हात वर, कोणाचा खाली हे आधीच ठरवा आणि सगळ्यांचं एकच ठेवा.

पडणाऱ्याने हात सोडायचा. हे वेगळं शिकवावं लागतं, कारण नैसर्गिक ओढ उलटी असते. पडल्यावर मुठी मिटायच्या, मागची ओळ जाऊ द्यायची, मग उठायचं. कडं, घड्याळ, अंगठी घरी. राखीपौर्णिमेनंतर आठवडाभर मनगटावर राख्या मिरवणारी मुलंही याच नियमात येतात.

व्हील वाकतं

सगळ्यात जास्त रडवणारा प्रकार हाच. आठ जण एका रेषेत, मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना चार-चार, आणि दोघांत पाऊण मीटर अंतर धरा. आतला स्केटर एका फेऱ्यात सुमारे २.४ मीटर जातो, टोकाचा १६.५ मीटर. सातपट! तरीही आतली मुलं ‘मागे पडू नये’ म्हणून जोर लावतात, टोकाची मागे राहतात आणि रेषेचा विळा होतो.

वेग टोकाच्याने ठरवायचा. आतल्याने जवळजवळ जागच्या जागी छोटी पावलं टाकायची आणि थांबून राहण्याची सवय करायची. पायांकडे नको, आपल्या ओळीतल्या खांद्यांकडे बघा. आधी साध्या बुटांवर चालत, अर्ध्या फेऱ्याला आठ मोजत करा. ते जमलं की मग स्केट. बळकट पायांची मुलं टोकाला ठेवा, उंचीनुसार मात्र लावू नका. फोटो छान येतो, व्हील बिघडतं.

स्पीडच्या मुलांची आणखी एक गोची. ती कायम डावीकडेच वळत आलेली असतात, त्यामुळे उजवीकडचा क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) कच्चा असतो. टीममध्ये दोन्ही बाजू लागतात. रोजच्या सरावात कच्च्या बाजूला दुप्पट वेळ द्या.

आरपार जाताना

दोन ओळी एकमेकींतून जातात तेव्हा ‘मोकळी जागा दिसली की घुसायचं’ असं चालत नाही. कोणाच्या मधून जायचं, कोणता खांदा आधी आणि कितव्या मोजणीला, हे चालत पाठ झालं पाहिजे. मध्येच कचरलेला स्केटर वेगात आलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण समोरच्याने त्याच्या आधीच्या वेगाचा हिशोब केलेला असतो.

पालकांसाठी

स्पीडचा सराव एखाद्या दिवशी बुडाला तर नुकसान एकाचं. इथे एक जागा रिकामी राहिली की शेजारच्या दोघांचाही सराव वाया जातो. माधवनगरहून, मिरजेहून मूल आणायचं असेल तर सरावाची वेळ, सहामाही-वार्षिक परीक्षा आणि क्लास यांचं गणित नाव देण्याआधी मांडा. टीमला राखीव स्केटर आहेत का, हेही विचारा. राखीव म्हणून घेतलं तर नाराज होऊ नका. त्या मुलाला दोन-तीन जागा पाठ कराव्या लागतात, आणि पुढच्या वर्षी जागा रिकामी झाली की सरांना आधी तेच आठवतं.